भेट द्यायची वस्तू विणतानाच नवीन टेक्निक शिकावं का? आणि केबल, गळ्यापासूनचा स्वेटर, मोजे याबद्दल बरेच प्रश्न

लोकरवेडी

नमस्कार मंडळी,
मी बरीच वर्षं विणतेय, पण खरं सांगायचं तर माझी गाडी मफलर, कानटोपी आणि बाळांचे बूट यापुढे कधी गेलीच नाही. सुलट, उलट, रिब (सुलट-उलट टाके आलटून पालटून घेतलेली ताणणारी वीण), बस. घरातल्या, मैत्रिणींच्या, शेजारच्या सगळ्यांना एकेक मफलर देऊन झालाय, आता पिशवी पुढे केली की समोरचा आत न बघताच "अरे वा, मफलर!" म्हणतो. तर आता काहीतरी नवीन शिकायचंय.

डोक्यात तीन गोष्टी आहेत. एक, भावासाठी केबलवाली, म्हणजे वेणीसारखी उठावदार वीण असलेली टोपी. दोन, मैत्रिणीला बाळ होणारे त्याच्यासाठी गळ्यापासून खाली विणत जातात तसला बिनशिवणीचा स्वेटर. तीन, कधीतरी मोजे, म्हणजे खरे टाच असलेले, बाळाचे बूट नाही.

माझे प्रश्न:
नवीन टेक्निक थेट भेटीच्या वस्तूवर शिकावं का आधी वेगळं काहीतरी विणून हात बसवावा? वेगळं विणायला कंटाळा येतो, कारण ते कुणालाच द्यायचं नसतं, मग अर्ध्यात पडून राहतं.
केबलचा छोटा नमुना विणून बघितला तर तेवढ्याच टाक्यांच्या साध्या विणीपेक्षा तो चांगलाच अरुंद आला. हे असंच असतं का माझा हात घट्ट आहे?
टोपीची सुरुवातीची कड ताणली जात नाही, कपाळावर वळ उठतो. रिब नीट ताणते, फक्त पहिली कडच अडते.
आणि शेवटचं, लोकर कुठली घ्यावी? ज्यांना देते ते लोक हाताने धुवायच्या भानगडीत पडत नाहीत, सगळं मशीनमध्येच जातं.

प्रश्न जास्त झाले, सांभाळून घ्या.

उलटसुलट

केबल अरुंद येणारच, हात घट्ट असण्याचा त्याच्याशी संबंध नाही. टाके एकमेकांवरून ओलांडून नेतो तेव्हा ते दोन थरात बसतात, त्यामुळे रुंदी जाते आणि जाडी वाढते. म्हणून केबलच्या टोपीला लोकरही जास्त लागते आणि ती जास्त उबदारही होते. साध्या विणीच्या हिशोबाने टाके घातलेस तर टोपी लहान होणार हे नक्की. साधारण वेणीच्या दर चार-पाच टाक्यांमागे एखादा टाका वाढवावा लागतो, पण अंदाजावर जाऊ नकोस, ज्या नमुन्याची टोपी करणारेस त्याच नमुन्याचा चौकोन विण, धू, वाळव आणि मग मोज. साध्या विणीच्या चौकोनावरून केबलचा हिशोब काढणं म्हणजे वेळ वाया घालवणं.

कपाळाची पट्टी रिबमध्येच ठेव आणि रिब संपून केबल सुरू होते त्या पहिल्या ओळीत हे जास्तीचे टाके वाढव. आधीपासूनच घातलेस तर पट्टी सैल होऊन टोपी डोळ्यांवर येते.

सोपी केबल म्हणजे सहा टाक्यांची, तीनवर तीन. दोन्ही बाजूंना दोन-दोन उलट टाके ठेव, त्याशिवाय वेणी उठून दिसत नाही. पहिले तीन टाके केबलच्या सुईवर घेऊन पुढे धरलेस तर वेणी डावीकडे झुकते, मागे धरलेस तर उजवीकडे. दर सहा ओळींनी एकदा ओलांडायचं, मधल्या ओळींमध्ये जसे दिसतात तसे विणत जायचं. बास, एवढंच आहे केबल, उगाच लोक घाबरतात.

आणि एखादी वेणी चुकीच्या बाजूला वळली आणि ते दहा ओळींनंतर लक्षात आलं तर सगळं उसवू नको. फक्त त्या वेणीचे सहा टाके सुईवरून सोड, तेवढेच चुकलेल्या ओळीपर्यंत खाली उसव. मागे शिडीसारखे आडवे धागे दिसतील, ते खालून वर क्रमाने एकेक घेत दोन लहान दुटोकी सुयांवर ते सहा टाके परत विण. आजूबाजूच्या टाक्यांना धक्काही लागत नाही.

कडेचं उत्तर: टाके घालताना दोन टाक्यांमध्ये थोडं अंतर ठेव. दोन सुया एकत्र धरून त्यावर टाके घालायचा सल्ला सगळे देतात, त्याने टाके मोठे होतात पण कड बनते ती टाक्यांच्या मधल्या धाग्याची, आणि तो धागा तेवढाच राहतो. म्हणून अंतर महत्त्वाचं. नाहीतर जर्मन ट्विस्टेड पद्धतीने टाके घाल, त्यात प्रत्येक टाक्याला बुडाशी एक जास्तीचा पीळ बसतो म्हणून कड रिबबरोबर ताणते. टोप्या आणि मोज्यांना मी दुसरं काही वापरतच नाही.

गुंडाळी

पहिल्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही म्हणून लिहिते.

माझं मत स्पष्ट आहे, ज्या भेटीला तारीख आहे तिथे नवीन काही शिकायचं नाही. वाढदिवस, लग्न, जे काही असेल तिथे हात बसलेलीच वस्तू. कारण शिकताना उसवावं लागतंच, आणि तारीख जवळ आली की आपण उसवत नाही, "चालतंय, कुणाला कळणारे" म्हणून पुढे जातो. मग ती वस्तू समोरच्याने घातलेली दिसली की आपलं लक्ष पहिलं त्या जागेवरच जातं, त्याच्या चेहऱ्याकडे नाही. नवीन टेक्निक तारीख नसलेल्या भेटीवर शिकावं. म्हणजे कंटाळ्याचाही प्रश्न सुटतो कारण वस्तू कुणालातरी जाणारच आहे, फक्त कधी ते ठरलेलं नाही.

दुसरं म्हणजे एका वस्तूत एकच नवीन गोष्ट. कानटोपीचा आकार तुला झोपेतही येत असणार, मग त्यात फक्त केबल नवीन. पण केबलही नवीन, गोल विणणंही नवीन, लोकरही कधी न वापरलेली, असं केलं की बिघडलं तर कशामुळे बिघडलं तेच कळत नाही.

सुईवाला काका

गुंडाळीताई, तुमच्या तारखेच्या नियमाला माझा अर्धाच पाठिंबा :) तारीख नसेल तर माझ्यासारख्याचं काहीच पूर्ण होत नाही, कपाटात एका बाहीचे स्वेटर पडून आहेत. बाळाची वस्तू मात्र शिकायला उत्तम, कारण लहान असते, लोकर कमी लागते आणि बाळ नावं ठेवत नाही.

लोकरवेडी, गळ्यापासूनच्या स्वेटरचा हिशोब एकदा कागदावर मांडलास तर भीती जाईल. समज तुझ्या चौकोनात १० सेंमीला २२ टाके बसतात. सहा महिन्यांच्या बाळाच्या मापाला गळ्यावर ६० टाके घाल. त्यातले एक तृतीयांश पाठीला, एक तृतीयांश पुढे आणि एक षष्ठांश प्रत्येक बाहीला, म्हणजे २०, २०, १०, १०. चार सांधे होतात, प्रत्येक सांध्यावर खूण अडकव. एक ओळ सोडून एक ओळ प्रत्येक खुणेच्या दोन्ही बाजूंना एकेक टाका वाढवायचा म्हणजे दर वाढीच्या ओळीत ८ टाके वाढतात. अशा १६ वाढी झाल्या की पाठ ५२, पुढचा भाग ५२ आणि बाह्या ४२-४२. आता बाह्यांचे टाके वेगळ्या धाग्यावर काढून ठेवायचे, दोन्ही काखेत दोन-दोन टाके नवीन घालायचे, अंगाचे १०८ टाके झाले, म्हणजे जवळपास ४९ सेंमी घेर. सहा महिन्यांच्या बाळाला आत एक कपडा घालूनही सैलसर बसेल. खाली लांबी मनाला येईल तेवढी. मग बाहीचे टाके परत सुईवर घेऊन काखेतून दोन उचलायचे आणि बाही उतरवायची. शिवण कुठेच नाही.

एक गोष्ट विसरायची नाही, बाळाचं डोकं. ६० टाक्यांचा गळा होतो २७ सेंमीचा आणि सहा महिन्यांच्या बाळाचं डोकं असतं ४२-४४ सेंमी. वीण ताणून ताणून किती ताणणार? म्हणून पहिल्यांदा करताना पुढून उघडा स्वेटरच कर, पुढचे २० टाके १०-१० असे वाटून. सपाट विणायचा, बटणपट्टी नंतर टाके उचलून लावायची. बटणं पक्की शिव, ओढून बघ. बाळाच्या वस्तूत मोठी जाळी नको, बोटं अडकतात. केस सुटणारी मोहेर वगैरे तर अजिबात नको.

माप सहा महिन्यांचं का म्हटलं, तर अगदी जन्मलेल्या बाळाच्या मापाचं विणलं की आई फोटो काढेपर्यंत लहान होतं. बाळ सहा महिन्यांचं होईल तेव्हा थंडी असेल का उन्हाळा तेवढं बघून लोकरीची जाडी ठरव, हा विचार बरेच जण करतच नाहीत.

लोकरवेडी

बापरे, किती छान समजावलंत सगळ्यांनी! काका, तुमचा हिशोब वहीत उतरवून घेतला.

आता दोन अडचणी. एक, केबलच्या टोपीचा जो नमुना आवडलाय त्यात ८ नंबरची सुई लिहिलीये, माझ्याकडे जुन्या ८ नंबरच्या आहेत त्यावर विणलं तर कापड एकदम दाट येतंय. दोन, कागदावर बघते तेव्हा सुलट टाका इंग्रजी व्ही सारखा दिसतो, माझा तसा दिसत नाही, व्ही चे दोन्ही पाय खाली एकमेकांवर चढलेले दिसतात. तेही सगळ्या ओळीत नाही, एक सोडून एक ओळीत. मफलरमध्ये कधी लक्षातच आलं नव्हतं.

गुंडाळी

नंबरचं सोपंय. नमुना अमेरिकन असणार. अमेरिकन नंबर वाढतो तशी सुई जाड होते, जुन्या ब्रिटिश नंबरात उलटं, नंबर वाढतो तशी सुई बारीक. अमेरिकन ८ म्हणजे ५ मिमी, ब्रिटिश ८ म्हणजे ४ मिमी. तुला ५ मिमी हवी म्हणजे जुन्यातली ६ नंबर. गंमत म्हणजे ७ नंबर दोन्हीकडे ४.५ मिमीच असतो, तेवढ्या एका ठिकाणी दोघांचं पटतं. यापुढे नंबर बघूच नकोस, मिमी बघ. जुन्या सुयांवरचा नंबर पुसला गेला असेल तर भोकांची मोजपट्टी मिळते त्यातून सुई घालून बघायची.

उलटसुलट

टाक्यांचं मी सांगते. तुझे सुलट टाके पिळले जातायत. कारण बहुतेक सुलट ओळीत नाहीये, उलट ओळीत आहे. उलटा टाका घेताना तू लोकर सुईभोवती खालून वर नेत असशील. तो रस्ता जवळचा वाटतो म्हणून खूप जणींचा हात आपोआप तसा बसतो. त्याने टाका सुईवर उलटा बसतो, म्हणजे त्याचा जो पाय सुईच्या पुढे असायला हवा तो मागे जातो. पुढच्या सुलट ओळीत तू नेहमीसारखी पुढच्या पायात सुई घालतेस आणि टाक्याला पीळ पडतो. म्हणूनच एक सोडून एक ओळ.

खात्री करायची तर गोल सुईवर थोडंसं सुलटच सुलट विणून बघ. गोल विणताना उलट ओळच येत नाही, त्यामुळे पीळ गायब होईल. गायब झाला तर निदान बरोबर.

उपाय दोन आहेत, कुठलाही एक कर. उलटा टाका घेताना लोकर सुईवरून वरून खाली ने. हात नव्याने वळवायला लागतो, सुरुवातीला चिडचिड होते. नाहीतर उलटा टाका आहे तसाच घे आणि पुढच्या ओळीत सुलट टाका मागच्या पायातून विण. हीसुद्धा रीतसर पद्धत आहे, जगात लाखो लोक अशीच विणतात, चुकीचं काही नाही त्यात. फक्त टाके कमी करताना सावध, दोनाचा एक केला की तो ज्या बाजूला झुकायला हवा त्याच्या उलट झुकेल, म्हणून आधी टाक्यांची तोंडं फिरवून घ्यावी लागतात.

आणि हो, पिळलेले टाके कमी ताणतात, त्यामुळे तुझा हात घट्ट असल्याची शंका तुला यायचं अर्ध कारण हेच असेल. गळ्यापासूनचा स्वेटर पुढून उघडा म्हणजे सपाटच विणणारेस, तर त्याआधी हे निस्तर.

निवांत विणकर

उशिरा आले. लोकरीचा प्रश्न तसाच राहिलाय.

मशीनमध्ये धुणाऱ्या माणसाला साधी मेंढीची लोकर देऊ नये, कितीही मऊ असली तरी. त्या तंतूंवर बारीक खवले असतात, गरम पाणी आणि घुसळणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटून नमदा होतो, मग काहीही केलं तरी परत येत नाही. सुपरवॉश लिहिलेली लोकर घ्यावी, तिच्या खवल्यांवर प्रक्रिया केलेली असते म्हणून ती आटत नाही. पण तिचं दुसरं दुखणं आहे, धुतल्यावर ती ढिली होऊन लांब होते. म्हणून नमुन्याचा चौकोन धुतल्याशिवाय मोजायचा नाही आणि समोरचा जसा धुणारे तसाच धुवायचा, म्हणजे मशीनमध्ये.

ॲक्रिलिकला लोक नाकं मुरडतात, मी नाही मुरडत. बाळाच्या वस्तूला, रोज धुतल्या जाणाऱ्या वस्तूला ते बरं पडतं. फक्त त्यावर इस्त्री टेकवायची नाही. उष्णतेने धागा कायमचा लुळा पडतो, रिब तर एकदा मेली की परत ताणून जागेवर येत नाही. केबल असेल तर सगळी उठावदार वेणी सपाट. आणि इस्त्री तुम्ही नाही करत, भेट घेणारा करतो! म्हणून वस्तूबरोबर एक चिठ्ठी द्या, धागा कशाचा, कसा धुवायचा, इस्त्री नको. सोबत त्याच लोकरीचा हातभर तुकडा आणि एक जास्तीचं बटण. मी चिठ्ठीत मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिते, तरीही काही जण मोजे वाळवायला हीटरवर टाकतात ते वेगळं.

सगळे गुंडे एकदम घ्या आणि लेबलवरचा डाय लॉट, म्हणजे एकत्र रंगवलेल्या लोकरीचा नंबर, जुळतोय का बघा. दुकानात दोन्ही गुंडे सारखे दिसतात, विणल्यावर पाठीवर आडवा पट्टा उमटतो. वेगळ्या लॉटचाच मिळाला तर दोन ओळी याच्या, दोन ओळी त्याच्या असं आलटून पालटून विणायचं म्हणजे रेघ दिसत नाही.

सुईवाला काका

मोज्यांबद्दलही लिहून टाकतो, कारण मोजे सुरू केले की तुझं बाकी सगळं बाजूला पडणार आहे.

लोकर मोज्यांसाठीचीच घे, साधारण ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन. नुसत्या मऊ मेरिनोची टाच लवकर झिजते. १०० ग्रॅमचा ४०० मीटरवाला गुंडा एका मोठ्या माणसाच्या जोडीला पुरतो. अडीच मिमीच्या आसपासच्या सुईवर ६४ टाके हे बऱ्याच पायांना बसतं, पण पायाचा घेर मोजून त्यापेक्षा दहा टक्के कमीच ठेवायचा, मोजा थोडा ताणून बसला तरच घसरत नाही.

पाच दुटोकी सुया बघून घाबरत असशील तर मॅजिक लूप शिक, ८० ते १०० सेंमीची एकच लांब गोल सुई, अर्धे टाके इकडे अर्धे तिकडे आणि मधून वायरचा फास ओढून ठेवायचा. अंगठ्याकडून वर विणत गेलीस तर मला जास्त आवडेल, कारण पाय घालून बघता येतो आणि लोकर संपत आली की नळी आखूड करून थांबता येतं. त्यासाठी जुडी बेकर यांनी २००६ मध्ये मांडलेली टाके घालायची पद्धत आहे, जुडीज मॅजिक कास्ट ऑन म्हणतात, अंगठ्याला शिवणच येत नाही. वर टाके बंद करताना मात्र सैल बंद करायचे, नाहीतर सुंदर मोजा टाचेवरून चढणारच नाही. तुझ्या टोपीच्या कडेचंच दुखणं, फक्त दुसऱ्या टोकाला.

लोकरवेडी

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. आज गोल सुईवर विणून बघितलं, पीळ खरंच गायब! उलटसुलट, तुझं निदान शंभर टक्के बरोबर. मी मागच्या पायातून विणायची पद्धत धरलीये, हात पुन्हा वळवण्यापेक्षा हे सोपं गेलं.

तर ठरलं असं की बाळाचा स्वेटर आधी, उघडा, सुपरवॉशमध्ये, साध्या विणीचा, त्यात केबल वगैरे काही नाही. भावाच्या टोपीला तारीख नाही त्यामुळे केबल तिथे. त्याचं डोकं ५६ सेंमी आहे, तर पट्टी ५१ धरून चालेल ना? म्हणजे १० सेंमीला २२ ने ११२ टाके?

उलटसुलट

चालेल. ११२ बरंही पडतं, एकास एक आणि दोनास दोन दोन्ही रिब बसतात. फक्त २२ टाके तुला ५ मिमीवर येतायत का ते आधी मोज, तो आकडा काकांच्या उदाहरणातला आहे, त्या सुईला त्यापेक्षा कमी टाके बसायची शक्यता जास्त. आणि पट्टी एक नंबर बारीक सुईवर विण. वेणी सुरू करायच्या आधीच्या ओळीत वेगळ्या रंगाचा गुळगुळीत दोरा सगळ्या टाक्यांतून ओवून ठेव, उसवायची वेळ आलीच तर तिथे येऊन थांबेल, रिबला हात लागणार नाही.

गुंडाळी

आणि भावाला आधी सांगू नकोस टोपी करतेयस म्हणून. सांगितलं की लगेच तारीख पडते.